बादल्या ओतणारा भाऊ

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत, कारण चुकलेली वेलांटी तिच्या नजरेतून कधी सुटत नसे. म्हातारे काका लेखकाचं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचे आणि ती छापलेला मजकूर त्याच्याशी ताडून बघायची. त्या आठवड्यात एक कादंबरी आली होती. गोष्ट सांगणारा माणूस कुणातच मिसळत नसे. भाड्याच्या खोलीत बसून जगाला नावं ठेवायचा.

"असल्या माणूसघाण्याची कसली गोष्ट?" ती कुरकुरली.

काका वाचत राहिले. "भावाच्या दुकानाला आग लागली तेव्हा सगळ्यांच्या आधी मी धावलो. बादल्या ओतल्या, हात भाजून घेतले. आणि मनात आलं, बरं झालं."

तिची पेन्सिल थांबली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीचं शिवणाचं दुकान बंद पडलं होतं. घरात उठता-बसता जिचे गोडवे गायले जायचे, तिचं. सामान हलवायला ही दिवसभर राबली, आणि मनात अगदी हेच आलं. तेव्हापासून बहिणीकडे जायची तिला चोरी झाली होती. बोलावणं आलं की हिचं डोकं दुखायला लागे.

"ओळ गळली का?" काकांनी विचारलं.

"नाही. काका, हा माणूस वाईट आहे का हो?"

काकांनी चष्मा काढला. "माझ्या जिवाभावाच्या मित्राला बढती मिळाली, त्या दिवशी मला घास गेला नव्हता. आपल्याला चारचौघांत राहायचं असतं, म्हणून झाकतो. ह्याला कुणाची भीडभाड नाही. बोलून मोकळा होतो."

काम सुटल्यावर ती थेट बहिणीकडे गेली. बहीण घरी सदऱ्यांना बटणं लावत बसली होती.

"आज वाट चुकलीस का गं, ताई?"

तिनं चप्पल न काढताच सगळं सांगून टाकलं. बहिणीनं दातानं दोरा तोडला.

"मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या तोंडावर सगळं उमटतं. पण ते जड यंत्र जिन्यावरून उतरवताना तुझी पाठ धरली, तेही मी बघितलं. एवढ्यासाठी दोन वर्षं तोंड लपवलंस?"

"मग तू का नाही विचारलंस?"

"तुझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत होते. कोणत्या तोंडानं विचारू?"

राग यायला हवा होता, पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखी ती मटकन खुर्चीत बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली. मग तिनं सुई मागून घेतली आणि उरलेल्या सदऱ्यांची बटणं दोघींनी मिळून लावली.