हप्ता थकल्याचा गोड निरोप

"बँकेचा तगादा कुणी इतक्या कौतुकानं ऐकतं का?" आई पीठ चाळता चाळता पुटपुटली.

बाबांनी हातानंच तिला गप्प केलं. फोनमधला ध्वनिमुद्रित आवाज त्यांच्या लेकीचाच होता. "आपला हप्ता थकला आहे. कृपया लवकर भरावा." जनसंवादाच्या पदवीवर तिला मिळालेलं हे एकमेव काम. त्याचे पैसे एका हप्त्यालाही पुरले नव्हते. कर्ज त्याच पदवीचं आणि जामीन बाबा.

"काय गोड बोलतेस गं," बाबा शेजारी बसलेल्या लेकीला म्हणाले. "बघ, आता मोठी कामं येतील."

आईची चाळणी थांबली. लेकीनं बाबांच्या हातातून फोन काढून बंद केला.

"नाही येणार, बाबा. हे कर्ज माझ्याच्यानं फिटायचं नाही. तुम्हालाच फेडावं लागेल."