कुलपातला हापसा

"चावी द्या, मामा."

"सायबाच्या हातनं उघडल्याबिगर थेंब न्हाई. हापसा उष्टा करून दावू व्हय त्यांना?"

फालेसीचं आणि मामाचं रोजचं भांडण. हापसा नवाकोरा, दांड्याला साखळी, साखळीला कुलूप. चावी मामाच्या गळ्यात. मामा म्हणजे फालेसीच्या आईचा भाऊ आणि आमच्या गावाचा प्रमुख.

बोअर मारणारे पाऊस सरताना आले, हापसा बसवून गेले. साहेब येतो येतो म्हणेपर्यंत मका वाळला, खुडला, कणगीत गेला. आम्ही ओढ्यावरच. वर गुरं, खाली आम्ही.

फालेसीची पोर एलुबी जुलाबानं आडवी. पेजही पोटात ठरेना. दवाखान्यातली बाई म्हणाली, आधी पाणी बदला. फालेसी मामाच्या दारात गेली. मामा म्हणाला, एवढे दिवस काढलेस, आणखी थोडे काढ.

मग जिल्ह्याच्या गावाहून, कासुंगुहून, साहेब आला.

गाडी. धूळ. आंब्याखाली खुर्च्या, हापशाला लाल फीत. आम्ही बायका नाचायला उभ्या.

आमच्यात पाहुण्याला पाणी गुडघे टेकून द्यायचं. त्यानं घोट घेईपर्यंत उठायचं नाही. मामानं दुकानातली बाटली आणून ठेवली होती, पण फालेसी आधी पुढे झाली. गुडघे टेकले. दोन्ही हातांनी तुंबा पुढे धरला.

ओढ्याचं पाणी. गढूळ. आत काहीतरी वळवळत होतं.

साहेब हसला. मग थांबला.

"हे काय, बाई?"

"पाणी. माझी पोर ह्येच पिती. घ्या."

मामा दातांत पुटपुटला, ऊठ, गावाची लाज काढतीस.

"तुमीच शिकवलंय मामा. पाव्हण्यानं घोट घेतल्याबिगर उठायचं न्हाई."

मी तिच्या शेजारी गुडघे टेकले. मग माझी जाऊ. मग फालेसीची आई, म्हणजे मामाची सख्खी बहीण. आंब्यापुढच्या उन्हात एकही बाई उभी राहिली नाही. ढोल थांबला. गुडघ्यांखाली खडे, डोक्यावर ऊन.

साहेबानं तुंबा ओठांपर्यंत नेला.

खाली आणला.

"कुलूप काढा."

"पण फीत, भाषण..."

"आधी कुलूप."

साखळी गळून पडली. फालेसीनं तुंबा साहेबाच्या बुटांशी ठेवला आणि ती उठली. तिच्यामागं आम्ही. दांडा मी मारला. आधी नुसता खरखराट, मग तांबूस धार, मग स्वच्छ. पहिली बादली एलुबीची.

साहेबाचा घसा सुकला असावा. त्यानं मामाकडे पाहिलं. मामा बाटली विसरला, तांब्या घेऊन धावला, धारेखाली धरणार, तोच फालेसीनं दांड्यावर हात ठेवला. धार थांबली.

"पाव्हण्याला तरी आधी दे गं," मामा म्हणाला. पहिल्यांदाच इतक्या नरमाईनं.

"पाव्हण्याला दिलंया पाणी. त्यांनी घेतलं न्हाई." तिनं बादल्यांकडे बोट केलं. "आता रांग तिकडनं हाय, मामा."