धनंजयचं इंजिन

आंजी मोठी गावात गुरांच्या ढेप-सरकीचं दुकान चालवणाऱ्या धनंजयला एकच व्यसन होतं, आणि ते असं की त्याची धड निंदाही करता येत नसे. माणूस दारू पितो म्हटलं की लोकांना चार शब्द सापडतात. पण माणूस गल्ल्यावर बसून सात-सात मिनिटं नुसती धडधड ऐकतो, तिच्यात ना गाणारा ना गाणारी, यावर बोलणार काय? गावानं शेवटी एक वाक्य ठरवून टाकलं होतं: धनूची गिरणी सुरू झाली.

गिरणीची सुरुवात नागपूरच्या होस्टेलात झाली. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला त्याच्या खोलीत जबलपूरचा एक पोरगा होता. तो वर्षअखेरीला नापास होऊन घरी गेला आणि जाताना सहा कॅसेटी मागं ठेवून गेला. कॅसेटींवर अक्षर नव्हतं. विलायतेत रिकाम्या गोदामांत माणसं या ठोक्यावर पहाटेपर्यंत नाचत, आणि काही कॅसेटींत गाण्याऐवजी जे यमकात बोलणं होतं त्याला रॅप म्हणतात, हे धनंजयला पुढं इंटरनेट आल्यावर कळलं. तोवर त्यानं सगळ्यांचं बारसं उरकून टाकलं होतं. एक 'पाण्याखालचं', एक 'भांडखोर', ज्यात दोघं जण एकमेकांची अशी काढतात की इंग्रजी न कळताही कोण हरला ते कळतं. आणि एक 'इंजिन'. खरी नावं सापडल्यावरही त्यानं आपली बदलली नाहीत. घरात ठेवलेलं नाव कोणी कागद पाहून बदलतं का?

इंजिन सगळ्यांत लाडकं. त्यात आधी एकटा ठोका चालतो, मग एकेक आवाज पंगतीला येऊन बसावा तसा बसत जातो. साडेचार मिनिटं पंगत भरत राहते, आणि अचानक सगळं बंद. चिडीचूप. मनात सोळा मोजायचे, की ठोका परत येतो, आधीपेक्षा दांडगा. दर वेळी त्या जागी धनंजयच्या अंगावर काटा येई. अठ्ठावीस वर्षं झाली, काटा काही जुना झाला नव्हता.

लग्नानंतर महिन्याभरात त्यानं मंजुषाच्या कानात हेच लावून दिलं होतं. तिनं सातही मिनिटं ऐकलं, हे तिचं मोठेपण. मग म्हणाली, "चांगलं हाये. पन मधात बिघडलं होतं का जी?" त्यानंतर त्यानं मित्रांना ऐकवून पाहिलं, साल्याला ऐकवलं, सरकी घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्यालाही ऐकवलं. सगळे मान हलवायचे आणि चहा प्यायचे. त्याला फार काही नको होतं. एकदा हे स्पीकरच्या मोठ्या डब्ब्यांवर, उघड्यावर, माणसांत वाजावं आणि जगात आणखी एका माणसाला आवडावं. एक पुरे होता. सेहेचाळिसाव्या वर्षी त्याला वाटायला लागलं होतं की तो एक माणूस बहुतेक जबलपूरलाच राहून गेला.

आणि या वर्षी तान्हा पोळा आला.

मोठ्या पोळ्याला आंजीत डीजे लावू देत नाहीत. तोरणाखाली खरे बैल उभे असतात; एक बुजला की दहा बुजतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा पोराटोरांचा. त्यांचे बैल लाकडाचे, चाकांवर चालणारे, आणि लाकडाचा बैल बुजल्याचं अजून कोणी ऐकलेलं नाही. म्हणून त्या दिवशी मंदिरासमोर डीजेवाला निकेश आपले आठ डब्बे मांडतो. धनंजयनं त्याला इंजिन लावायची गळ घातली. निकेशच्या म्हशी धनंजयच्या ढेपेवर पोसलेल्या, त्याला नाही म्हणता आलं नाही.

"सात मिनिटं देतो धनूभाऊ," तो म्हणाला. "पन लोकं बोंबलले त बंद करीन."

संध्याकाळी पाचला मैदान भरलं. सजवलेले लाकडी बैल घेऊन पोरं रांगेत उभी. मंजुषा मैत्रिणींत बसली होती, पण नवऱ्याकडं पाहत नव्हती. उद्या याच बायकांत तिला राहायचं होतं. धनंजयची आई आनंदाबाई नातीच्या बैलाची शिंगं सावरत पुढंच बसली होती. माईक अण्णाजींच्या हातात. पोळ्याला झडत्या म्हणण्यात, म्हणजे यमकं जुळवून समोरच्याची जिरवण्यात, चाळीस वर्षं त्यांचा हात धरणारा गावात झाला नव्हता.

इंजिन सुरू झालं. पहिला ठोका धनंजयच्या छातीवर बसला आणि त्याला कळलं की अठ्ठावीस वर्षं आपण हे गाणं खिडकीच्या फटीतून पाहत होतो. त्याचे डोळे भरून आले. त्यानं मोठ्या आशेनं लोकांकडं पाहिलं.

लोक वाट पाहत होते. एक मिनिट झालं, दोन झाली. कोणी बोंबललं नाही, कोणी हललंही नाही. मग अण्णाजींनी माईक तोंडाशी धरला आणि ठोक्यावरूनच सांगितलं, "मंडळी, बसून घ्या. साऊंड चेक चालू हाये. पाच मिन्टात गानं लागते."

मैदान समजूतदारपणे बसलं. धनंजयला वाटलं, शिव्या परवडल्या असत्या. त्याचं अख्खं आयुष्य मैदानात उभं होतं आणि गाव ते टेस्टिंग म्हणून सोसत होतं. तो खाली मान घालून उरलेली मिनिटं मोजायला लागला.

तेवढ्यात ती जागा आली आणि सगळं बंद पडलं. निकेश वायर पाहायला धावला. मागून कोणी म्हणालं, लाइन गेली. त्या गलबल्यात आनंदाबाईंचा हात वर गेला.

"गप राहा रे. कुठी नाई गेलं. येऊन राह्यलं थे."

धनंजयनं मान वर केली. आई डोळे मिटून बसली होती आणि तिची बोटं गुडघ्यावर मोजत होती. तेरा, चौदा, पंधरा. सोळाव्याला बोट खाली आलं आणि आठही डब्बे कडाडले. आनंदाबाई उठल्या, अण्णाजींच्या हातातला माईक घेतला आणि ठोका पकडून म्हणाल्या,

"जिनात बसलो चौदा जनी, रुई गेली नाकात,
मुकादम आला मिशा पिळत, धोतर गेलं चाकात!"

गावात बाईनं झडती म्हटलेली कोणी ऐकली नव्हती. क्षणभर अण्णाजींचं तोंड उघडं राहिलं. मग मैदानातून असा 'हर हर महादेव' उठला की देवळावरचे पारवे उडाले. अण्णाजी हार मानणारे नव्हते. त्यांनी माईक ओढून उलट झडती टाकली, तीही ठोक्यावर. आनंदाबाईंनी तिला उत्तर दिलं. पोरं बैलांसकट नाचायला लागली, चाकं निखळली, एका बैलाचं शिंग गेलं, कोणाला फिकीर नाही. मंजुषानं पदर खोचला आणि मैत्रिणींना हाताला धरून उठवलं. निकेशनं न सांगता गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

धनंजय डब्ब्याला टेकून हसत होता आणि रडत होता, आणि दोन्ही लपवायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

आनंदाबाई धापा टाकत त्याच्याजवळ येऊन बसल्या. लग्नाआधी हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी सहा वर्षं काढली होती, हे त्याला माहीत होतं. त्यापलीकडचं त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"माय, तुले कसं कळलं परत येते म्हनून?"

"पट्टा घसरला का जिन असंच दम घ्याचं. आमी चौदाही जनी मोजत राहो. परत सुरू झालं का मंग गानं म्हनो." त्यांनी घाम पुसला. "अन् हे त मले पाठच हाये. तू होस्टेलातून आला तवापासून भिंतीआडून ऐकतो मी."

"मंग बोलली काऊन नाई?"

"मी खोलीत आली का तू आवाज कमी करे," आनंदाबाई म्हणाल्या. "मले वाटे, पोराले मले ऐकू द्याचं नाई."

धनंजय मायला मान द्यायचा म्हणून आवाज कमी करत होता. साल्याला विचारलं, ट्रकवाल्याला विचारलं, आणि जी एक भिंतीपलीकडं बसली होती तिला अठ्ठावीस वर्षं विचारलं नाही. त्यानं नुसता तिचा हात धरला.

"असू दे," ती म्हणाली. "थे दोघं भांडतात न, थे लाव आता. अन् मोठ्यानं लाव."