टोचून काढलेली वाट

ताईला स्वप्नं पायांतून पडत. डोळे गेले तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. त्यालाही आता तीस वर्षं उलटली होती, आणि स्वप्नांतली चित्रं एकेक करून विझत गेली होती. उरले होते ते तळवे. सकाळी उठली की ती सांगे, आज आधी थंड फरशी होती, मग वाळू होती, आणि मग एका ठिकाणी जमीन झोपलेल्या मांजरासारखी ऊबदार लागली. धाकटी बहीण चहा गाळता गाळता "हं" म्हणे. तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे.

धाकटी नगरपालिकेत नकाशे काढायची. दोघींचं घर गल्लीच्या एका टोकाला होतं. ताई वेताच्या खुर्च्या विणायला जायची ते सुताराचं दुकान दुसऱ्या टोकाला. मधे तीनशे बारा पावलं. ही वाट ताईच्या इतकी पायाखालची होती की काठी बहुतेक वेळा मनगटाला नुसती लटकलेली असे, दागिन्यासारखी. डाव्या पावलाची कड रस्त्याच्या काठाला घासत ती जाई. काठाचे दगड जुने होते आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एक डुगडुगणारा, एक टवका उडालेला, एक असा गुळगुळीत की पावसाळ्यात त्याच्याशी जरा अदबीने वागावं लागे. बघणारे म्हणत, बाई कशी नाकासमोर चालते. खरं तर ताई नाकासमोर कधीच चालली नव्हती. ओतकामाच्या कारखान्यापाशी आच लागे म्हणून ती जराशी बाहेर सरके. एका दारात कुत्रा आडवा पडलेला असे, त्याला वळसा घाली. आणि बेकरीपुढे दोन पावलं आत शिरून दीड मिनिट मुक्काम करी. विकत काही घेत नसे. वासाला कोण पैसे मागणार?

ही गल्ली पालिकेच्या नकाशावर जांभळी होती. जांभळा रंग म्हणजे कारखाने, मालट्रक आणि भोंगे. नव्या आराखड्यात ती पिवळी व्हायची होती. पिवळा म्हणजे राहती घरं, आवाज न करणारे धंदे, चालणारी माणसं आणि सायकली. ट्रक बाहेर. रस्ता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसपाट, कुठे पायरी नाही, कुठे काठ नाही. बाबागाडी असो की चाकांची खुर्ची, लोण्यातून सुरी जावी तशी जाईल. उजवीकडे सायकलींचा पट्टा, बाकीचं सगळं चालणाऱ्यांचं. हा नकाशा धाकटीने स्वतः काढला होता आणि सांगताना तिचा आवाज एक पट्टी वर गेला होता.

"जांभळी होती?" ताई म्हणाली. "तीस वर्षं मी जांभळ्या गल्लीतून येते-जाते आणि मला कुणी सांगितलं नाही."

अर्धी गल्ली तयार झाली त्या सकाळी ताई नेहमीसारखी बाहेर पडली. ट्रक गेल्यामुळे गल्ली इतकी शांत होती की कुणीतरी तिच्यावर धुकं पांघरलं असावं असं वाटे. आवाजच नव्हते, म्हणून भिंतींचा अंदाज नव्हता. डावं पाऊल काठ शोधत गेलं, आणखी गेलं, आणि काठ आलाच नाही. विसाव्या पावलावर ताई थांबली, मोठ्या तळ्याच्या मधोमध उभं असावं तशी. किती वेळ, तिलाही सांगता आलं नाही. शेवटी बेकरीवालीने दंड धरून तिला घरी आणून सोडलं, वर "सांभाळा हो बाईंना" असंही म्हणाली. ते "सांभाळा" ताईला फार लागलं.

संध्याकाळी ती एवढंच बोलली, "तू माझा रस्ता पुसून टाकलास."

त्यातच सुताराचा निरोप आला. माणूस सरळ. त्याने कळवलं होतं की गल्ली उघडली की त्या सोमवारपासून खुर्च्या तो घरीच पाठवत जाईल, ताईंनी उगीच त्रास घेऊ नये. निरोप प्रेमाचा होता म्हणून नाकारायला अवघड होता. ताईला पक्कं ठाऊक होतं, खुर्ची एकदा घरी आली की आपण बाहेर जाणं संपलं. मग उरेल ती खाट, खिडकी आणि "सांभाळा हो".

रविवारी दुपारी धाकटीने ब्लँकेटची घडी करून टेबलावर अंथरली, नकाशाची एक प्रत त्यावर पालथी घातली आणि ताईचं दाभण हातात घेतलं. कागद पातळ होता, रेघा मागूनही दिसत. मागून टोचलं की पुढच्या बाजूला बारीक उंचवटे येत, बोटाने वाचता येतील असे. नवी गल्ली ती ताईला अशी शिकवणार होती, भिंती, दिवे, बाकं, सगळं.

"आधी माझी वाट दाखव," ताई म्हणाली. "मी कुठून जात होते ते कळल्याशिवाय तुझी गल्ली मला कळायची नाही."

म्हणून ताई खुर्चीत बसल्या बसल्या चालू लागली. पावलं खरंच हलत होती, जमिनीपासून बोटभर वर. ती सांगत होती, इथे डुगडुगता दगड, इथून आच, आता बाहेर, इथे कुत्रा. धाकटी एका पावलाला एक असं टोचत होती. उन्हं भिंतीवरून खाली उतरत गेली. त्या खोलीत एक गल्ली पसरली होती आणि दोघी बहिणी तिच्यातून हळूहळू निघाल्या होत्या, एक पायांनी, एक दाभणाने. बेकरीपुढे ताई दीड मिनिट गप्प बसली. धाकटीनेही घाई केली नाही.

कागदाची कड आली तशी धाकटी थांबली आणि तिने कागद सुलटा केला. ताईचं बोट त्या ठिपक्यांवरून तीनदा गेलं आणि आलं.

"एवढी वाकडी चालते मी?" ती म्हणाली. त्यानंतर नव्या भिंती टोचायचा धीर दोघींनाही झाला नाही.

सोमवारी धाकटीला आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी जायचं होतं, हाताने काढलेला नकाशा संगणकावर कसा चढवावा ते शिकायला. गाडी चुकेल या धसक्यात तिने कोपऱ्यातली गुंडाळी उचलली, जाता जाता गल्लीचं काम करणाऱ्या मुकादमाच्या हातात कामाचा नकाशा म्हणून कोंबली आणि पळाली. ती गुंडाळी कुठली होती हे तिच्या ध्यानात आलं ते आठ दिवसांनी, गल्लीच्या तोंडाशी.

मुकादम जुन्या वळणाचा होता. त्याच्या उमेदवारीच्या काळात कागदावर सुईचं भोक म्हणजे जमिनीवर खूण, हा धडा त्याने उस्तादाच्या चापट्या खात गिरवला होता. नकाशा उजेडाकडे धरला तर भोकांची अख्खी रांग. तो पालिकेतल्या साहेबांकडे गेला. साहेब फोनवर होते. त्यांनी नकाशाकडे न बघताच सांगितलं, कागदावर आहे ना, मग करा. मुकादमाला तेवढंच हवं होतं. काठाचे उखडलेले जुने दगड ढिगात पडलेच होते. त्याने नवी फरशी भोकागणिक कापली आणि एकेक दगड बसवला, बोटाच्या पेराएवढा वर.

धाकटी बघतच राहिली. एकसपाट, गुळगुळीत, आखीव गल्लीतून दगडांची एक रांग आपल्याच तंद्रीत चालली होती. कारण नसताना बाहेर सरकत होती, रिकाम्या दाराला वळसा घालत होती, बेकरीपुढे आत शिरून परत निघत होती. सकाळच्या तिरप्या उजेडात प्रत्येक दगडाला छोटी सावली होती. आपल्या बहिणीची तीस वर्षं जमिनीवर उमटलेली तिने आजवर कधी पाहिली नव्हती. रांगेच्या कडेकडेने ती बेकरीपर्यंत गेली आणि तिला हसू आलं.

शनिवारी साहेब पाहणीला आले. रांगेपाशी येऊन त्यांचा चेहरा आंबला. मुकादमाने लगेच कागद पुढे केला. त्याची बाजू भक्कम होती. साहेबांनी धाकटीकडे पाहिलं. हे शोभेचं आहे म्हणून वेळ मारून नेता आली असती, पण तिला खोटं नीट जमत नसे, कान लाल होत.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "ही माझ्या बहिणीची वाट आहे. तिला दिसत नाही. मी ती तिच्यासाठी टोचली होती, यांच्यासाठी नाही."

साहेब वाईट नव्हते, फक्त त्यांना सगळं रकान्यात लागत असे. त्यांनी समजावलं की गल्लीत जे जे नवीन बांधायचं त्याला मंजुरी लागते, या दगडांना ती नाही, तेव्हा सोमवारी गल्ली उघडायच्या आत ते काढावे लागतील. आणि मग सहज, तक्रारीच्या सुरात म्हणाले, "मंजुरी कशाची मागणार तुम्ही? पायवाट काय कुणी बांधतं? पायवाट पडते."

धाकटी जागच्या जागी थबकली. बावीस वर्षं ती नकाशांच्या कोपऱ्यातली खुणांची यादी लिहीत आली होती. तिच्यात दोन भाग असत, नव्याने करायचं ते आणि आधीपासून असलेलं ते. विहीर, झाड, पायवाट ही दुसऱ्या भागातली. आधीपासून असलेलं फक्त नोंदवायचं असतं. ते काढायचं असेल तर उलट वेगळा हुकूम लागतो, आणि त्या हुकमावर साहेबांनाच सही करावी लागते.

"तेच म्हणते साहेब," ती म्हणाली. "ही पडलेली आहे. तीस वर्षं पडते आहे. माझ्याकडून यादीत लिहायची राहिली."

साहेबांनी बुटाच्या टोकाने एक दगड दाबून पाहिला. डाकवाली सायकलवरून उजव्या पट्ट्यातून सुळकन गेली, रांगेला तिचा काही अडथळा नव्हता आणि रांगेचा तिला. मुकादम आकाशाकडे बघत होता. शेवटी साहेबांनी खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं. धाकटीने तिथेच, भिंतीवर कागद टेकवून, यादीच्या खालच्या भागात लिहिलं: ठिपक्यांची रेघ, जुनी पायवाट.

सोमवारी ताई एकटी निघाली. मागून येऊ नकोस, एवढं तिने दारात बजावलं. धाकटी ऑफिसात जाऊन बसली खरी, पण हातात पट्टी धरून एकाच रेघेवर बसून राहिली. साडेनऊला टेबलावरचा फोन वाजला. सुताराच्या दुकानातून होता. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

"ऐक," पलीकडून ताई म्हणाली. "तुझे दगड दुकानापर्यंत येत नाहीत. मधेच संपतात."

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. कागद तिथेच संपत होता. सुताराचं दुकान पुढच्या कागदावर होतं.

"पुढे अकरा पावलं काहीच नाही," ताई म्हणाली. "मोजली मी."

"मग? कुणी आणून सोडलं?"

"कोण आणणार? उभी राहिले जरा. मग चालले."

पलीकडे वेत पाण्यात बुडवल्याचा आवाज आला.

"मुकादमाला सांगून पुढचे दगड टाकून घेऊ का?" तिने विचारलं.

"बघू. घाई नाही," ताई म्हणाली. "आणि संध्याकाळी मला घ्यायला येऊ नकोस. मी सावकाश येईन."

धाकटी बरं म्हणाली, पण तोवर फोन ठेवलेला होता. खुर्ची अर्धी विणलेली असताना ताई कुणाशीच फार बोलत नसे.