बोल्टखालचा रंग

मच्छिंद्रची जीप माझ्या गॅरेजात आली ती टेम्पोला दोरीने बांधून. जीपच्या स्टेअरिंगवर त्याचा पोरगा करण आणि मच्छिंद्र स्वतः टेम्पोत. बापलेक एका गाडीत बसत नाहीत, हे एव्हाना राजूरच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

मच्छिंद्रच्या बायकोचं, मनकर्णावहिनींचं, तेरावं नुकतंच झालं होतं. भात कापताना बांधावर त्यांना घोणस चावली. जीप दारातच उभी होती, पण इंजिन चालू करणारा सेल्फ फिरेना. चावी मारली की नुसतं ‘टक’ वाजायचं. दसऱ्यापासून गाडीला ही खोड लागली होती, म्हणून मच्छिंद्र ती उतारावर लावायचा. आमच्या डोंगरात अर्ध्या गाड्या तशाच चालतात, उतार हाच सेल्फ. त्या दिवशी करणने पोती उतरवायला जीप सपाट अंगणात आणली आणि तिथेच ठेवली. अवकाळी पावसाचा चिखल होता. सगळी वाडी ढकलून दमली, चाकं रुतत गेली. शेवटी वहिनींना झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. दवाखाना यायच्या आत त्या गेल्या.

तेव्हापासून मच्छिंद्र पोराशी एक शब्द बोलला नव्हता.

“नियाजभाई,” तो मला म्हणाला, “गाडी इकायची हाय. पन आधी एवढं सांग, बॅटरी कोनी उतरवली. ह्यो दिसभर गाडीत गानी लावून बसतो. तू सांगितलं म्हंजी समद्यांना एकदाचं कळंल.”

म्हणजे मला पंच नेमलं होतं. असल्या कामाचा मला भारी संताप येतो. गाडीचं दुखणं विचारा, घरातलं माझ्या गळ्यात कशाला? दोन शब्द सुनावणारच होतो, पण करणकडे बघितलं आणि बॉनेट उघडलं. चांगला धिप्पाड पोरगा, पंधरा दिवसांत निम्मा झाला होता.

“व्हय चाचा, गानी लावली हुती म्या,” तो म्हणाला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

बॅटरी तपासली. ठणठणीत भरलेली. दिवाळीत नवीच टाकली होती म्हणे. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मी मीटर काढला.

करंटचं साधं असतं. लाल जाड वायरने तो सेल्फकडे जातो आणि गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत येतो. वाटेत कुठे अडला तर व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि सेल्फच्या वाट्याला उष्टं-खरकटं येतं. करणला चावी मारायला लावली आणि आधी लाल वायर बघितली. तिच्यात खोट नव्हती. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनला. “मार चावी.” टक. जिथे अर्धा व्होल्टही दिसायला नको, तिथे चारच्या वर आकडा आला.

बॅटरीपासून चॅसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीचा बोल्ट खोलला. खाली निळा रंग, सायीसारखा जाड. वायर लोखंडाला टेकलेलीच नव्हती. बोल्टच्या आट्यांतून जो काही करंट झिरपायचा, त्यावर दिवे लागायचे, हॉर्न वाजायचा, गाणी वाजायची. सेल्फला तेवढ्याने काय होणार?

“बॅटरी उतरलीच न्हवती,” मी म्हणालो. “गान्यांचा काय बी संबंध न्हाई. रंगावर बोल्ट आवळलाय. रंग कोनी दिला?”

उत्तर मला माहीत होतं. खंडेनवमीला आमच्याकडे गाड्या नटवतात. पूजेच्या आदल्या दिवशी निळ्या नखांचा मच्छिंद्र गॅरेजाशेजारच्या टपरीवर चहा पीत मला म्हणाला होता, खालपर्यंत समदं खोलून रंगवली, कंपनीत बी असा रंग मारत न्हाईत. तरी मी विचारलं. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

मच्छिंद्र वाकून बोल्टची जागा बघत राहिला. त्याच्या तोंडाचा रंग उडाला.

“म्या दिला,” करण म्हणाला.

मी मच्छिंद्र काय बोलतो याची वाट बघितली. तो बोल्टवरची नजर काढेना. तेव्हा माझं डोकंच फिरलं.

“मच्छिंद्र, पोरगं खोटं बोलतंय आन् तू ऐकून घेतोस? रंग तू—”

“चाचा!” करण ओरडला. “तुमी गाडीचं बघा!”

मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा मच्छिंद्र पोराशी बोलला.

“का रं आंगावर घेतोस?”

करण खाली बघत म्हणाला, “आई तर गेली. ह्ये तुमच्या डोक्यात बसलं, तर तुमी बी ऱ्हानार न्हाई. मला आता सवय झालीया.”

मला तिथे थांबवेना. काहीतरी करायचं म्हणून कानस घेतली आणि रंग खरवडला. खालचं लोखंड पांढरं चकचकीत निघालं. वायर टेकवून बोल्ट आवळला आणि करणला खूण केली. त्याने चावी फिरवली आणि जीप एका झटक्यात चालू झाली.

मच्छिंद्र दचकला. चालू इंजिनाकडे बघत म्हणाला, “एवढंच हुतं?”

खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही. “एवढंच,” मी म्हणालो.

तो वळला आणि डोंगराच्या रस्त्याला लागला. पायात चप्पल आहे की नाही, तेही त्याने बघितलं नाही. करणने जीप बाहेर काढली, त्याच्या शेजारी नेली, आतून दार उघडलं. “दादा, बसा.” मच्छिंद्रने मान हलवली आणि चालत राहिला. पोराने गाडी पहिल्या गिअरमध्ये त्याच्यामागे घातली. मागून एसटी हॉर्न मारत होती, तरी तो बापाला ओलांडून पुढे जाईना. वळणापर्यंत मला त्याची हाक ऐकू येत होती, “दादा, बसा ना.”