पस्तीस पावलं

फलकाच्या कोपऱ्यातली ओळ निम्मी खरवडून झाली होती, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं,

"ताई, ही पावलं कुणाची?"

ठिपकीने हातातली पाती थांबवली. मागे एक उंचच्या उंच गृहस्थ उभा होता. हातात झाकणाचा रिकामा डबा, पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"म्हणजे?"

"इथे लिहिलंय ना, मोरीपासून बेचाळीस पावलं, डाव्या हाताला. मी बेचाळीस टाकली तर थेट पाण्यात गेलो."

"माझी आहेत," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नसली की ऐन वेळी असं होतं.

गृहस्थाने तिला डोक्यापासून चपलांपर्यंत मापलं, मनातल्या मनात काही भागाकार केला आणि तो पुन्हा रस्त्याखालच्या मोरीकडे गेला. या खेपेला दोरीने पाय बांधल्यासारखी इवलीइवली पावलं टाकत निघाला. पाच मिनिटांनी परत आला तेव्हा डबा रिकामाच होता.

"नुसते खड्डे आहेत तिथे. संपलं असेल तर तसं फलकावर लिहायचं ना," तो म्हणाला. रागावून नाही, दुकानदाराला सुचवावं तसं.

तो गेल्यावर ठिपकीने उरलेली ओळ खरवडली. आता खरवडून काही उपयोग नव्हता, पण अर्धवट ओळ वाचून उद्या कुणी एकवीस पावलांवर खणायला लागला असता.

लहानपणी ती जे दिसेल त्यावर पेन्सिलीचे ठिपके देत बसायची म्हणून तिला ठिपकी म्हणत. पुढे तोच तिचा धंदा झाला. ठिपके देऊन देऊन तिने गावाबाहेरच्या या पाणथळीतली गवतं काढली, बेडूक काढले, चतुर काढले, पाणकोंबडी पिलांसकट काढली. सोळा फलक. लोकांनी बघावं, त्यांचा जीव गुंतावा आणि पलीकडच्या अंगाने रोज डबर ओतणाऱ्या ट्रकांना कुणीतरी हटकावं, एवढीच अपेक्षा. लोकांनी बघितलं आणि त्यांचा जीवही गुंतला. ट्रकांना मात्र कुणी हटकलं नाही.

चित्राच्या कोपऱ्यात पत्ता लिहायची सवय तिला वडिलांनी लावली होती. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. तारीख, वेळ, मोरीपासून किती पावलं, कुठल्या हाताला. 'पत्ता नसलेलं चित्र म्हणजे नुसती शोभा,' असं ते चाळीस वर्षं सांगत आले. जे समोर बसून बघितलं नाही ते काढायचंच नाही, हा दुसरा नियम. वर्गात टेबलावर माठ ठेवून ते मुलांकडे पाठ करून उभे राहायचे आणि तरी कोण माठ बघून काढतोय, कोण मनानेच ठोकून देतोय ते अचूक सांगायचे. बघणाऱ्याची पेन्सिल अडखळते, म्हणायचे. मान वर करायला थांबावंच लागतं तिला.

फलक छापणाऱ्याला तिने एकच बजावलं होतं, चित्राला हात लावू नकोस. त्याने नाही लावला. कोपऱ्यातली बोटभर ओळसुद्धा त्याने जशीच्या तशी, फक्त आठपट मोठी करून छापली. पाणकोंबडीचं काही बिघडलं नाही, ती पत्त्यावर थांबत नाही. दवबिंदू थांबतो. मुळं असलेल्याला दुसरा इलाज नसतो.

दवबिंदू म्हणजे नाण्याएवढं तांबडं रोप. पानांवरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. किडा बसला की पान मिटतं आणि किडा संपतो. हे तिने फलकावर चार सोप्या वाक्यांत लिहिलं होतं. कुणीतरी ते डासांवरचा उपाय म्हणून वाचलं. तीन आठवड्यांत मोरीच्या डाव्या हाताचे सगळे दवबिंदू गावातल्या खिडक्यांत जाऊन बसले आणि नळाचं पाणी पिऊन मेले. डास होते तिथेच आहेत.

आणि उद्या सकाळी दहा वाजता तज्ज्ञ येणार होते. दवबिंदू जागेवर दिसला तर पाणथळ राखीव. नाही दिसला तर ती जमीन पडीक म्हणूनच नोंदलेली होती, ट्रक त्यांचं काम पुरं करणार. उद्यानखात्याच्या साहेबांना तिने फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी तिला धीर दिला. हल्ली प्लास्टिकची इतकी हुबेहूब मिळतात, म्हणाले, डझनभर खोचून ठेवू. वर फवाऱ्याने थोडं पाणी मारू.

दुपारी मास्तरांना जेवायला वाढताना तिने हे सगळं सांगितलं. सहा वर्षांपासून त्यांना दिसत नव्हतं. उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं कळायचं. प्लास्टिकच्या गोष्टीवर ते हसले. मग बराच वेळ त्यांनी ताटातलं नुसतंच चाचपलं.

"उजवीकडे बघितलंस?"

"उजवीकडे कुठे होता?"

"होता. पस्तीस पावलांवर. माझ्या. डोळे होते तोवर दर वर्षी जात होतो."

ठिपकीच्या हातातला डाव तसाच राहिला. "मला कधी बोलला नाहीत."

"एक तरी जागा कुणाला सांगायची नसते."

"मलासुद्धा?"

"तू लिहून ठेवतेस," मास्तर म्हणाले आणि त्यांनी हात पुसले.

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण पहिल्यांदा पावलं मोजायला हवी होती. मास्तर आता वीतभर पाऊल टाकायचे. ती पस्तीस पावलं साठीच्या आतल्या माणसाची होती, आणि तो माणूस आता घरात नव्हता. पण शाळेचा व्हरांडा आपल्या बरोब्बर साठ पावलांचा आहे हे मास्तरांना पाठ होतं. बत्तीस वर्षं त्यांनी तो दिवसातून दहादा ओलांडला होता.

तिने शाळेत जाऊन टेपने व्हरांडा मोजला. शिपायाने विचारलं, फरशी बदलताय की काय. वडिलांचं पाऊल मोजतेय म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही, टेपचं दुसरं टोक धरलं. अठ्ठेचाळीस मीटर. म्हणजे पाऊल ऐंशी सेंटिमीटरचं. म्हणजे मोरीपासून अठ्ठावीस मीटर, उजवीकडे.

मास्तर हट्टाने बरोबर आले. त्यांना मोरीच्या कठड्याशी उभं करून तिने टेपचं टोक दगडाखाली दाबलं आणि ती उजव्या हाताला निघाली. दहा मीटरवर लव्हाळा होता, वीसवर पाय रुतला. पंचवीसच्या पुढे टेप मऊ जमिनीवरून वर चढला आणि अठ्ठावीसवर थांबला.

ती बघत राहिली. टेपचा आकडा काँक्रीटच्या चौथऱ्यावर होता, साधारण मधोमध. त्या चौथऱ्यात दोन लोखंडी खांब होते आणि खांबांवर तिचाच फलक क्रमांक नऊ, दवबिंदू, खरवडलेल्या कोपऱ्यासकट. फलक बसवणारे तो डावीकडे बसवायला निघाले होते. डावीकडे रोपं आहेत, चिरडतील, म्हणून तिने भांडून तो इकडे हलवायला लावला होता. उजवीकडे काही नाही, असं छातीठोक सांगून. चौथरा ओतताना ती इथे उभी होती. कडेला पाऊल पडू नये म्हणून दोन कामगारांना ओरडलीसुद्धा होती.

चौथऱ्याच्या चारी कडा तिने गुडघ्यांवर बसून तपासल्या. गवत बोटांनी विंचरलं. एका भेगेत काहीतरी तांबडं दिसलं. ते बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन होतं.

"सापडलं का गं?" मोरीवरून मास्तरांनी हाक दिली.

ती उठली, त्यांच्याकडे चालत गेली. पोहोचेपर्यंत काय सांगायचं ते ठरेल असं तिला वाटलं होतं. मास्तर काठी काखेत धरून दोन्ही हातांनी सदऱ्याची गुंडी लावत होते, वरची, जी ते कधीच लावत नसत. वर्गात शिरताना लावायचे.

"आहे," ती म्हणाली.

"किती?"

"सात."

मास्तरांनी मान हलवली. "मला ने."

कोपर धरून ती त्यांना घेऊन निघाली. त्यांचे ओठ हलत होते. चौथऱ्याला काठी लागली तेव्हा ते थांबले.

"पस्तीसची एकशे बारा झाली," ते म्हणाले. "आणखी दोन वर्षांनी इथे पोहोचायला मुक्काम करावा लागेल."

तिने त्यांना चौथऱ्याच्या काठावर बसवलं. रोपं समोरच आहेत, म्हणाली, पाय पुढे घेऊ नका. त्यांनी आज्ञाधारकपणे पाय जवळ ओढून घेतले.

"थेंब आहेत?"

"आहेत. उन्हात चमकतायत."

"मग काढ. आहेत तोवर काढून घे. मी थांबतो."

पिशवीत वही होती, नेहमीच असायची. ती त्यांच्या शेजारी बसली. समोर लव्हाळा होता, त्यापलीकडे पाणी, पाण्यापलीकडे डबराचा ढीग आणि त्यावर मागे सरकत येणारा ट्रक. तिने कागदावर पेन्सिल टेकवली. दवबिंदू तिने आजवर शंभरदा तरी काढला असेल. पानाचं देठ कुठे रुंदावतं, केस कडेला लांब आणि मध्ये आखूड कसे होत जातात, थेंबाच्या कुठल्या अंगाला पांढरं सोडायचं, सगळं बोटांत होतं. बोटं निघाली. पहिलं रोप झालं, दुसरं झालं. ट्रकने डबर ओतलं, त्याचा आवाज विरला आणि मागे फक्त पेन्सिलीचा आवाज राहिला, एकसारखा, पत्र्यावर पाऊस लागल्यासारखा.

मास्तर मान थोडी कलती करून बसले होते. सातवं रोप होईपर्यंत मान तशीच होती.

"झालं?"

"झालं."

"लवकर झालं."

मास्तरांचा तळवा चौथऱ्याच्या कडेवरून फिरत होता. सिमेंट अजून खरखरीत होतं. कडेपासून तो खांबापर्यंत गेला, खांबाला वळसा घालून परत आला आणि मांडीवर येऊन पडला.

"बसायला बरं केलंय," ते म्हणाले. "कधी केलं हे?"

"फलक लावले तेव्हा."

"हं."

पलीकडे ट्रक निघून गेला आणि दुसरा येऊन मागे सरकायला लागला. ठिपकीने सवयीने कागद तिरका केला, पेन्सिल खालच्या कोपऱ्यात नेली. तारीख लिहिली. वेळ लिहिली. लिहिताना ती मोठ्याने म्हणायची, कारण सहा वर्षांपासून त्यांना वाचता येत नव्हतं.

"मोरीपासून..." ती म्हणाली.

"पावलं नको घालूस," मास्तर म्हणाले.

तिने पेन्सिल उचलली. मास्तरांनी उठायला हात पुढे केला होता, तो तिने धरला. मघाशी लावलेली वरची गुंडी त्यांनी दुसऱ्या हाताने सोडवली. चालायला लागल्यावर ती वळून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

मोरीपर्यंत त्यांचे ओठ हलले नाहीत.