एका हाताचं पत्रक

माझा डावा हात भिवाजीच्या भातगिरणीनं खाल्ला, हे अख्ख्या पौड गावाला ठाऊक आहे. कसा खाल्ला, ते मात्र भिवाजीनं सांगितलं तेवढंच ठाऊक. 'पोरगी चालू पट्ट्याशी खेळत व्हती,' असं तो मेला सांगत सुटला. खेळत होते म्हणे! एवढी थोरली घोडी मी, इंजिनाच्या पट्ट्याशी फुगडी घालत होते काय?

मी त्याच्या गिरणीत कामाला होते. पट्ट्याखाली कोंडा साठला होता. इंजिन बंद केलं तर पुन्हा चालू करायला वेळ मोडतो, म्हणून तोच ओरडला, "बंद करू नगंस, तसाच वढ." मी ओढायला वाकले. पट्ट्याला जाळी नव्हती. आधी ओढणी गेली, तिच्यामागून हात गेला. त्यानंतर तरी जाळी बसवावी की नाही? छे! भिवाजीनं पट्ट्यापुढं नारळ फोडला, कोंबडं कापलं आणि म्हणाला, मशीननं रगत मागितलं व्हतं, आता शांत झालं.

लोकांचं सोडा, माझ्या अब्बांनीही त्याचंच खरं मानलं. भिवाजीनंच मला त्याच्या जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं ना! ज्यानं पोरीचा जीव वाचवला तो खोटं कशाला बोलेल, असं अब्बांचं म्हणणं. मी सांगायला गेले की म्हणायचे, "चोराच्या उलट्या बोंबा." आमचे अब्बा, बाबालाल, तसे सरळ माणूस, पण एकदा मनात घेतलं की पहार लावली तरी हलायचे नाहीत. माझ्याशी बोलणं त्यांनी 'जेवायला वाढ' आणि 'दार लाव' एवढ्यावर आणून ठेवलं. हात गेल्याचं मी गिळलं असतं, पण हे मला गिळता येईना. खरं काय ते भिवाजीच्या तोंडून वदवायचं आणि अब्बांपर्यंत पोचवायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी मी तग धरून होते.

अब्बांचे चुलतभाऊ मोहिद्दीनचाचा. त्यांचा बाजारपेठेत छापखाना. एकोणनव्वद साली त्यांनी पुण्यातून एक जुना कॉम्प्युटर आणला. चाचांचा जन्म शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेला, त्यांना त्या डब्याची धास्तीच वाटायची. "तू धावी शिकल्यालीस, तूच बस," म्हणाले. बसले आणि रडकुंडीला आले. मराठीची निम्मी अक्षरं शिफ्टची कळ दाबून धरल्याशिवाय उमटत नव्हती. शिफ्ट एका हातानं धरली तर लांबचं अक्षर दाबायला दुसरा हात कुठून आणू? हनुवटीनं धरून पाहिली, तर मान आखडली. शेवटी माझं टाळकं सटकलं. त्या शिफ्टवर बोट आपटत राहिले, मर मेले, मर, मर! एकदम डब्यानं शीळ घातली आणि पडद्याच्या कोपऱ्यात बारकंसं चित्र उमटलं. मला वाटलं, मोडला. भीत भीत शिफ्ट दाबून सोडली, मग अक्षर दाबलं. अगं बाई! शिफ्टचं अक्षर उमटलं. दोन कळा एकदम दाबायची गरजच उरली नव्हती.

पुण्याचा मेकॅनिक आला तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, "ही सोय मशीनमध्ये मुळातच आहे. ज्यांना दोन कळा एकदम दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी. पाच वेळा शिफ्ट दाबली की सुरू." आणखी एक सोय त्यानं दाखवली. ती चालू केली की उजवीकडच्या आकड्यांच्या कळा आकडे काढत नाहीत, पडद्यावरचा बाण हलवतात. माउसला हात लावायला नको. मला तिथंच रडू फुटलं. कुठल्या परमुलखातल्या माणसानं, मला कधी न बघता, मशीन बनवतानाच एका हाताच्या माणसाचा विचार केला होता. आणि भिवाजीला, रोज समोर राबणाऱ्या पोरीसाठी, वीतभर जाळी ठोकता आली नाही! डोळे पुसले आणि त्या दिवसापासून माझा राग दुप्पट झाला.

पुढं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि भिवाजी छत्री निशाणीवर उभा राहिला. प्रचार संपायच्या आदल्या दिवशी, दुपारी, तो छापखान्यात आला. पुण्यातले सगळे छापखाने तुंबलेले, आणि दुसऱ्या दिवशीच्या बाजारात त्याला पत्रक वाटायचं होतं. बरोबर पुतण्या नथू, पुण्याला टायपिंगची परीक्षा पास झालेला. खुर्चीत मला बघून भिवाजीनं तोंड वाकडं केलं.

"ही थोटी करनार व्हय? उठीव तिला. आमचा नथू बसंल."

चाचा गिऱ्हाइकापुढं मऊ. त्यांनी मला डोळ्यानं खुणावलं. मी उठले. माझ्या सोयी मात्र तशाच चालू ठेवल्या. विसरून नव्हे, मुद्दाम.

नथूनं मजकूर भराभर मारला. मग आली मतदानाची तारीख. आमच्या मराठी टायपात वरच्या ओळीतही अक्षरंच बसवलेली, आकडे फक्त उजव्या कोपऱ्यात. नथूनं तिथं बोट ठेवलं, तर आकडा काही येईना. बाणच वर पळाला. पुन्हा दाबलं, बाण खाली. नथूला दरदरून घाम फुटला. भिवाजी म्हणाला, "रुसलंय ते. नारळ आना एक, हितं फोडूया."

"या अल्ला!" चाचा डब्याला आडवे झाले. "पानी उडालं तर मेलं मशीन! जैनब, तूच बघ गं आता!"

मी भिंतीला टेकून उभीच राहिले. म्हटलं, "बघते. पण पत्रकात एक ओळ वाढंल. जैनबचा हात कसा गेला, त्याची."

"जीभ लई चालतीया तुजी!"

"हात एकच ठिवलासा. जीभ तरी चालू द्या."

त्यानं चाचांकडं पाहिलं. चाचा, कधी नव्हे ते, छताकडं बघत राहिले. बाहेर त्याची माणसं जीपचा भोंगा वाजवत होती. भिवाजी खाकरला आणि म्हणाला, "बरं. पार शेवटाला, बारीक अक्षरात घाल." मी हो म्हटलं. हो म्हणायला आपलं काय जातं!

खुर्चीत बसले. "सांगा."

"जैनब बाबालाल हिचा अपघात झाला."

"कसा?"

"...गिरणीच्या पट्ट्यात."

"खेळताना?"

त्याच्या मानेवरची शीर टरारली. माझं बोट कळेवर थांबलेलं, बाहेर भोंगा पुन्हा वाजला. मग एकेक शब्द दातातून काढल्यासारखा बोलला, "ती खेळत नव्हती. चालू पट्ट्याखालचा कोंडा काढायला मीच सांगितलं होतं." मी एका बोटानं, सावकाश, एकेक अक्षर उमटवलं. काय सांगू, भर उन्हात गार पाणी प्यावं तसं वाटलं.

बाणाची सोय घटकाभर बंद करून तारीखही टाकली. तो नथूला घेऊन जीपकडं गेला आणि मी खरं काम सुरू केलं. सोय पुन्हा चालू केली, आकड्यांच्या कळांनी बाण नेला, ती ओळ धरली, तळातून उचलून थेट वर आणली. भिवाजीचं नाव आणि छत्री यांच्या बरोबर मधे बसवली, आणि नावापेक्षा मोठ्या टायपात केली. ती कापायची तर नाव तरी गेलं असतं नाही तर छत्री तरी. चाचांनी कागद बघितला, कपाळाला हात लावला आणि निमूट छपाई सुरू केली. गठ्ठे सुटतील तसे कार्यकर्ते जीपमध्ये टाकत गेले. भिवाजीनं पत्रक पाहिलं ते दुसऱ्या दिवशी, भर बाजारात, लोक त्याच्याकडं बघून हसायला लागले तेव्हा. छापखान्यात येऊन त्यानं मला नाही नाही त्या शिव्या दिल्या. खुशाल दे म्हटलं.

अब्बांच्याही हातात एक पत्रक पडलं होतं. घडी करून खिशात घातलं, घरी आले, जेवले नाहीत, बोलले नाहीत. मतदान झालं, मोजणी झाली, भिवाजी दणकून पडला, तरी अब्बा गप्प. लोकांनी मला पेढे भरवले, माझ्या तोंडाला चव नव्हती. ज्याच्यासाठी एवढं केलं तो माणूस भिंतीसारखा बसून होता. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात.

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी अब्बा छापखान्यात आले. मी तिथं बसायला लागल्यापासून त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. खिशातलं पत्रक काढून चाचांपुढं ठेवलं.

"ह्ये आनखी छाप. मुळशी, चांदे, म्हाळुंगे, जितं जितं आपलं सोयरं हायेत तितं मी सोता वाटनार."

"अरं बाबालाल, निवडनूक झाली की!" चाचा म्हणाले.

"भिवाजीची झाली आसंल. माजी आजून व्हायची हाय."

मग ते माझ्याकडं वळले. किती वर्षांनी डोळ्याला डोळा देऊन बघितलं त्यांनी!

"खाली एक ओळ घाल, पोरी. तिच्या बापानंबी तिच्यावर इस्वास ठिवला न्हाई. आन् त्याखाली माजं नाव."

मी काही त्यांना 'राहू द्या अब्बा' म्हटलं नाही. कळांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "किती मोठ्या टायपात?"

"भिवाजीच्या ओळीयेवड्याच," अब्बा म्हणाले.